बिनबंदुकीचा बंदोबस्त

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त धावपळ कोणी केली असेल तर ती आमच्या साहेबांनी, आणि ते ना वरपक्षाचे होते ना वधूपक्षाचे. दादरच्या कार्यालयात पहिली पंगत उठत होती, दुसरी दाराशी तिष्ठत होती, आणि मधल्या दारात अशी रेटारेटी चालली होती की माझ्या सासऱ्यांची टोपी कोणाच्या तरी मठ्ठ्यात पडली. साहेब आहेराचं पाकीट हातात धरून भिंतीला टेकून उभे होते. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग पाकीट माझ्या मेहुण्याच्या खिशात कोंबून ते सरळ आत घुसले, हात धुवायचं पाण्याचं पिंप आचाऱ्याच्या माणसांकडून उचलवून मागच्या अंगणात नेलं आणि मागचं दार सताड उघडून दिलं. उठलेली पंगत आपोआप तिकडे वळली आणि मधलं दार मोकळं झालं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोक हावरट नाहीत हो, फौजदार. पिंप दारात होतं." आणि स्वतः न जेवता ड्यूटीवर निघून गेले. माझी बायको आजही त्यांना 'पिंपवाले साहेब' म्हणते.

मी तेव्हा पोलीस खात्यात नवा सबइन्स्पेक्टर होतो. खात्यातले जुने लोक सबइन्स्पेक्टरला फौजदार म्हणत, साहेबही तसंच म्हणत. ते माझ्यावरचे इन्स्पेक्टर. आमचं काम बंदोबस्त आखण्याचं. सभा, मोर्चा, मिरवणूक, गणपतीचं विसर्जन, कोणी बडा पाहुणा, काहीही असो. कुठे माणसं उभी करायची, कुठे दोर बांधायचा, कुठला रस्ता कधी बंद करायचा, हे आधी कागदावर मांडायचं. त्या कागदाला आम्ही स्कीम म्हणायचो. साहेब स्कीम पेन्सिलीने लिहीत. शाईने लिहिलं की माणूस चूक खोडत नाही, तिची बाजू मांडत बसतो, असं त्यांचं म्हणणं.

दिसायला म्हणाल तर त्यांना पाहून कोणी सलाम ठोकला नसता. अंगाने किडकिडीत, गणवेश एक माप मोठा, टोपी कानांवर टेकलेली. खिशात सदैव भाजलेले चणे. रस्त्यात दोघे हमरीतुमरीवर आले की हे मध्ये जाऊन दोघांच्या हातावर चणे ठेवायचे. "तोंडात चणे असले की शिवी नीट येत नाही," म्हणायचे. मी सुरुवातीला हसलो होतो. नंतर मीही चणे ठेवायला लागलो, पण मला ते जमलं नाही, कारण मी चणे देताना सुद्धा रागावलेला दिसायचो.

त्यांचा सगळ्यात अजब प्रकार मैदानावरचा. साहेब क्रिकेटचे वेडे. लहानपणापासूनचे. पण बंदोबस्ताला उभे राहिले की खेळाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. पाच दिवसांच्या कसोटीत मान वळवून एक चेंडू बघायचे नाहीत. आणि तरी त्यांना सगळं कळायचं. समोरच्या स्टँडमधले चेहरे बघून सांगायचे, "चौकार गेला, पण बॅटची कड लागून गेला. नीट मारलेला नाही." आम्ही वळून बघायचो तर अगदी तसंच. एकदा मी विचारलं, "साहेब, एवढी आवड आहे तर थोडं बघत का नाही?" ते म्हणाले, "बॉलर बघायला तिकीट काढून लोक आलेत. लोकांना बघायला कोण आलंय? मीच ना?"

असा माणूस. अर्धे लोक त्यांना तोंडावर चक्रम म्हणत आणि उरलेले अर्धे त्यांच्यामागे म्हणत.

ते राहायचे लालबागच्या चाळीत. इन्स्पेक्टर झाल्यावर खात्याची खोली मिळत होती, ती घेतली नाही. बापाने कोकणातून येऊन गिरणीत काम करून ही खोली घेतली होती, आणि समोरच्या खोलीत तुकाराम होता. तुकाराम म्हणजे त्यांचा लहानपणचा जिवलग. एकाच गावचे, एकाच शाळेतले, एकाच भजनी मंडळात टाळ वाजवणारे. पुढे तुकाराम गिरणीत साचेखात्यात लागला, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, आणि साहेब खात्यात. तरी रविवारी दोघे गॅलरीतल्या बाकड्यावर बसून एकाच तपेलीतला चहा प्यायचे. चाळीतल्या नळाची रांग साहेबांनीच लावून दिली होती. आधी म्हाताऱ्या, मग पाळीला जाणाऱ्यांच्या बायका, मग बाकीच्या. त्या रांगेत कधी भांडण झालं नाही, ह्याचा त्यांना खात्यातल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान होता.

मग संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरत होतं, आणि अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाले. एका नाक्यावर तुकारामाचा धाकटा भाऊ गेला. तो मोर्चात होता की नुसता बघत उभा होता, ह्याबद्दल कोणी काही सांगतं, कोणी काही. मला विचाराल तर त्याने काय फरक पडतो? पोरगा गेला.

त्या दिवसापासून तुकारामाने साहेबांशी अबोला धरला. भांडण नाही, शिव्या नाहीत. नुसतं बोलणं बंद. समोरासमोर दारं, गॅलरी जेमतेम दोन माणसं जातील एवढी, आणि हे दोघे एकमेकांना अंग चोरून वाट द्यायचे. चाळीने तुकारामाची बाजू घेतली. साहेबांनी लावलेली नळाची रांग मोडली, आणि वहिनींना, म्हणजे साहेबांच्या मंडळींना, सगळ्यांच्या शेवटी पाणी भरावं लागायला लागलं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, ते बंदुकीला हात तरी लावतात का हो?" त्यांनी खरंच आयुष्यात कोणावर बंदूक रोखली नव्हती. मी तसं म्हटलं. साहेब आतून ऐकत होते.

ह्या सगळ्यात परदेशी संघाचा दौरा आला आणि मुंबईची कसोटी आमच्या गळ्यात पडली. जगभरचे पत्रकार, वकिलातींची माणसं, आणि एका दिवशी चहाच्या सुट्टीत दिल्लीचे एक मंत्री मैदानात उतरून खेळाडूंशी हस्तांदोलन करणार. मुंबईबद्दल ज्यांचा शब्द दिल्लीत चालत होता त्यांतलेच ते एक. स्वस्त तिकिटांचा पूर्वेकडचा स्टँड गिरणगावाने भरणार हे उघड होतं. तिथे काळे झेंडे निघणार हेही उघड होतं. पोराटोरांनाही माहीत होतं.

साहेबांनी स्कीम आखायला घेतली ती त्यांच्या पद्धतीने. स्टेडियम रिकामं असताना भर दुपारी मला घेऊन गेले आणि त्या स्टँडमधल्या एकेका बाकावर बसत सुटले. डोक्यावर टोपी नाही, सकाळपासून घोटभर पाणी नाही. मी वैतागलो. म्हटलं, "साहेब, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "इथला माणूस कधी चिडेल ते बघतोय." चहाच्या वेळेला ऊन थेट तोंडावर येतं, पाण्याचा नळ पार पलीकडे आहे, मुतारीला जायचं तर उरलेल्या सगळ्यांच्या पायांवर पाय देऊन जावं लागतं, हे त्यांनी अंगावर काढून पाहिलं. त्यांच्या स्कीममध्ये मग पाण्याचे माठ आले, मुताऱ्यांना आणखी एक वाट आली, उन्हासाठी छत्री आणायला मुभा आली, आणि स्टँडच्या मागचं फाटक खेळ चालू असताना कुलूप न लावता नुसतं लोटून ठेवायचं, हेही आलं. शिवाय तिकिटं अशी वाटायची की एका चाळीतली माणसं एका जागी बसतील. "शेजारी ओळखीचा असला की माणूस दगड उचलताना लाजतो," हे त्याचं कारण. आणि शेवटी एक वाक्य: मैदानाच्या भिंतीच्या आत एकही बंदूक येणार नाही.

ह्या वाक्यावरून आमच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मोठे साहेब माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. "इन्स्पेक्टर, परदेशी पाहुण्यांच्या अंगाला ओरखडा निघाला तर मी तोंड कुठे लपवू? पूर्वेच्या स्टँडमागे हत्यारी तुकडी हवी. आणि ही गिरणीतली माणसं पांगवून बसवा, एकत्र कशाला बसवताय?"

साहेब म्हणाले, "पांगवली तर कोणीच कोणाचं ऐकणार नाही, सर. आणि बंदूक दिसली की लोक मॅच विसरतात."

"आणि काही झालं तर?"

"माझा पट्टा काढून घ्या."

मोठ्या साहेबांनी पेन्सिलीचं ते अक्षर पुन्हा वरपासून वाचून काढलं. शेवटी तुकडी भिंतीच्या बाहेर रस्त्यावर थांबेल, एवढी तडजोड झाली. मात्र मोठ्या साहेबांनी आपल्याकडून एक हुकूम जोडला. आमचे शिपाई मेहुण्या-पाहुण्यांना फुकटात आत सोडतात अशी आयोजकांची तक्रार होती, आणि ती खोटीही नव्हती. म्हणून स्कीममध्ये नाव नसलेल्या कोणालाही, वर्दीत असला तरी, पास किंवा तिकिटाशिवाय आत सोडायचं नाही. खाली त्यांची झोकदार सही.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "चला फौजदार, माझ्या घरी. तुमचं काम आहे." मला वाटलं, जेवायला नेतायत.

रविवारची दुपार होती. चाळीच्या गॅलरीत तुकाराम बाकड्यावर बसला होता. आडव्या हाडाचा, शांत डोळ्यांचा माणूस, चाळीच्या मंडळाचा पुढारी. पूर्वेच्या स्टँडमध्ये त्याच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. साहेब बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि मला मध्ये बसवलं.

"फौजदार, ह्यांना विचारा," साहेब समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मंत्री येतील त्या दिवशी काय करायचं ठरलंय."

मी तुकारामाकडे वळलो आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांना सांगा, पोलिसांना सांगून कोणी निदर्शनं करीत नाही."

मी साहेबांकडे वळलो आणि तेही पुन्हा म्हटलं. असं दोन-चार वेळा झालं. माझी मान दुखायला लागली. शेवटी तुकारामच म्हणाला, "तुम्ही परत परत कशाला बोलता? मला ऐकू येतंय की."

"मग मी कशाला बसलोय इथे?"

"मध्ये कोणीतरी लागतं," तो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. ह्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं, त्यामुळे मी आपला गप्प मध्ये बसून राहिलो.

"ह्यांना म्हणावं, मी थांबवायला आलेलो नाही," साहेब भिंतीला म्हणाले. "झेंडे दाखवा, घोषणा द्या. मुंबई कोणाची ते ओरडून सांगा, मलाही तेच वाटतं. फक्त कधी उठणार आणि कधी बसणार, तेवढं कळलं पाहिजे. बाहेर बंदुका उभ्या आहेत. मला त्या आत येऊ द्यायच्या नाहीत."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मग तुकाराम इतक्या वेळात पहिल्यांदाच गावच्या बोलीत आला. "तेंका विचारा, त्या नाक्यावर बंदुका कोणी ठेवल्यान?"

मी पटकन म्हणणार होतो की अहो, ते वरून ठरतं. साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांगा, मी," ते म्हणाले. "त्या दिवसाची स्कीम मी लिहिली होती. त्या नाक्यावर गर्दी तुंबेल असं वाटलं, म्हणून तिथे हत्यारी माणसं लिहिली. गोळी झाडायचा हुकूम माझा नव्हता, हे पण सांगा." मग मान हलवली. "नको. ते नका सांगू."

मला हे ठाऊक नव्हतं. वहिनींनाही नसावं, कारण त्या कपांसकट आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. तुकाराम उठून कठड्याशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून खाली चौकात बघत उभा राहिला. खाली पोरं लगोरी खेळत होती. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलणार, आणि हाकललं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

पाठ न वळवता तो म्हणाला, "मंत्री मैदानात उतरले की आम्ही उठू. खेळ सुरू व्हायची घंटा झाली की बसू. घंटेपर्यंत. त्यांना सांगा."

"म्हणावं, शब्द?" साहेबांनी विचारलं.

"म्हणावं, शब्द."

जिना उतरताना मी साहेबांना म्हटलं, "ते कबूल करायची काय गरज होती? बिचाऱ्याला माहीतही नव्हतं."

"त्याने विचारलं ना," साहेब म्हणाले. आणि परळच्या दिशेने चालायला लागले.

मंत्री आले त्या दिवशी पूर्वेचा स्टँड खच्चून भरला होता. साहेब मागच्या फाटकापाशी आत, नेहमीप्रमाणे खेळाकडे पाठ करून उभे. मी त्यांच्या शेजारी. सकाळपासून लोक माठातलं पाणी पीत होते, चेंडूफळीवर पैजा लावत होते, एकमेकांना टपल्या मारत होते. चहाची सुट्टी झाली, दोन्ही संघ रांगेत उभे राहिले, आणि मंत्री मैदानात उतरले.

तुकाराम उठला. त्याने हातातली काळी छत्री फटकन उघडून उंच धरली. मग त्याच्या चाळीने उघडली, शेजारच्या चाळीने उघडली, आणि बघता बघता अख्खा स्टँड काळा झाला. झडतीत एकाही माणसाकडे झेंडा सापडला नव्हता, आणि छत्रीला तर आम्हीच परवानगी दिली होती. मी साहेबांकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"ह्या बाकांवर चहाच्या वेळेला ऊन तोंडावर येतं, फौजदार. एवढंच माहीत होतं." पण मिशीत हसत होते. मग म्हणाले, "आणि छत्री धरलेला हात दगड मारत नाही."

घोषणांनी कान बसले. इथवर सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. ठरलं नव्हतं ते एवढंच, की मंत्रिमहोदय हट्टाला पेटतील. घाबरून पळाले असं दिसायला नको, म्हणून ते एकेका खेळाडूपाशी थांबून गप्पाच मारत बसले. ते मैदानातून हलेनात, म्हणून घंटा होईना, आणि घंटा होईना म्हणून छत्र्या खाली येईनात. पॅव्हेलियनमधून मोठ्या साहेबांना फक्त काळा स्टँड दिसत होता. त्यांनी तुकडी मागवली.

फाटकाबाहेर बुटांचा आवाज आला. तरुण अधिकारी, मुंबईत नवा, मागे बंदुकांची रांग. "आत जायचा हुकूम आहे," तो म्हणाला.

साहेब फाटकाच्या फटीत उभे राहिले. "तिकीट?"

"काय?"

"तिकीट किंवा पास. स्कीममध्ये नाव नसेल तर वर्दीतल्या माणसालाही लागतो. हा हुकूम." त्यांनी कागद पुढे केला. "खाली सही कोणाची आहे ते वाचा."

त्या पोराने वाचलं. पुन्हा वाचलं. सही त्याला आत पाठवणाऱ्याचीच होती. नाइलाजाने त्याने एक शिपाई पॅव्हेलियनकडे विचारायला पाठवला. एरवी मी हसून हसून मेलो असतो, पण बंदुका चार पावलांवर होत्या. "पळा," ते मला म्हणाले. "त्याला सांगा, बसा."

मी पायऱ्या चढून धापा टाकत तुकारामापाशी गेलो. तो छत्री धरून ताठ उभा. "घंटा झाली?" त्याने विचारलं.

"नाही, पण खाली..."

"शब्द घंटेचा होता." आणि तो खरा होता, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात वरच्या रांगेतल्या कोणाला तरी भिंतीपलीकडच्या बंदुका दिसल्या. "पोलीस आले, बंदुका आल्या," अशी ओरड खाली झिरपत आली, आणि लोकांची तोंडं मैदानाकडून फाटकाकडे वळायला लागली. छत्र्या मिटायला लागल्या, पण बसायला नव्हे, हात मोकळे करायला. एक सोड्याची बाटली भिंतीवर फुटली. गर्दी म्हणजे काय असते ते मला त्या क्षणी कळलं.

साहेबांनी ते चेहरे खालून बघितले असणार. फाटक दोन शिपायांवर सोडून ते धावत पायऱ्या चढून आले. टोपी वाटेत पडली ती उचलली नाही. तुकारामाच्या चार पायऱ्या खाली थांबून त्यांनी वर बघितलं आणि गणवेशात असताना कधी न बोललेल्या गावच्या बोलीत म्हणाले, "तुक्या, बस रे. बंदुका इल्यात. तुझ्या पाया पडतंय, बस."

तुकारामाने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने छत्री मिटली आणि खाली बसला. तो बसला म्हणून त्याची चाळ बसली, ती बसली म्हणून शेजारची बसली, आणि तशीच ओळीओळीने ती माणसं खाली बसत गेली. घंटा त्यानंतर झाली.

परवानगी घेऊन शिपाई परत आला तेव्हा तो तरुण अधिकारी फाटकातून डोकावला. आत लोक शेंगा खात होते. "आता काय करू?" त्याने विचारलं. "आता तिकीट काढून बसा," साहेब म्हणाले, "खेळ चांगला आहे." आणि कठड्याला धरून मटकन खाली बसले.

ह्याचं बक्षीस दोघांनाही मिळालं. छत्र्यांची परवानगी आणि तुकडीला केलेला अटकाव, ह्या दोन कलमांवर साहेबांची बंदोबस्तातून उचलबांगडी झाली आणि खात्याच्या शस्त्रागारावर नेमणूक झाली. मला वाईट वाटलं, संतापही आला. ते म्हणाले, "बरं झालं. बंदुका कोठारात असल्या की माझी झोप चांगली होते." तुकारामाला चाळीतल्या पोरांनी टोमणे मारून हैराण केलं. पोलिसाच्या एका हाकेला बसला म्हणत. त्याने मंडळाचं पुढारपण सोडून दिलं. आपण का बसलो हे त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि त्या नाक्यावरच्या बंदुका कोणाच्या पेन्सिलीतून आल्या, हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेबांना त्या चाळीत एक दिवस राहता आलं नसतं.

पण अबोला सुटला नाही. साहेब बोलले होते, तुकाराम नव्हता बोलला. महाराष्ट्र झाला, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, तुकारामाच्या बायकोने वहिनींना पेढे दिले. साहेब दारात उभे होते, आणि तुकाराम त्यांच्यासमोरून अंग चोरून निघून गेला. तेव्हा मला तुकारामाचा राग आला होता, उघड सांगतो. मनात म्हटलं, एवढं पाया पडवून घेतलंस, आता आणखी काय हवंय तुला?

साहेब निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. वहिनी त्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मी एका दुपारी भेटायला गेलो. दार उघडंच होतं. साहेब उशीला टेकून बसले होते आणि तुकाराम त्यांच्या पुढ्यात बसून चमच्याने पेज भरवत होता. गिरणीची पाळी करून आलेला, अंगावर अजून कापसाचे तंतू. शेजाऱ्यांनी सांगितलं, रोज येतो, अंग पुसतो, कपडे बदलतो, सगळं करतो.

मला बघून तुकारामाला बरं वाटलं. "बरे आलात. ह्यांना सांगा, गरम आहे तोवर खा म्हणावं."

साहेबांचं बोलणं जड झालं होतं. माझ्याकडे बघत ते एकेक शब्द ओढून म्हणाले, "त्याला... सांगा... मीठ नाही."

तुकाराम वाटी घेऊन उठला. मी त्याच्यामागे गॅलरीत गेलो आणि न राहवून म्हटलं, "तुकाराम, एवढं सगळं करता. मग दोन शब्द बोला की. किती दिवस राहिलेत त्यांचे?"

तो कठड्यापाशी थांबला. "बोललंय तर माफ केल्यासारख्या होतला," तो म्हणाला. "ता माझ्या हातात नाय. ज्येच्या हातात होता, तो गेलो."

आणि समोरच्या स्वतःच्या खोलीत मीठ आणायला गेला.